पैसा आहे, प्रस्ताव कोण लिहिणार?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सोलापूर.

विषय : लहान नगरपंचायतींसाठी जिल्हा स्तरावर प्रस्ताव व पाठपुरावा कक्ष सुरू करण्याबाबत.

महोदय,



विषय मुद्दाम सरकारी भाषेत लिहिला आहे, म्हणजे आवक-जावक नोंदवहीत तो नीट चढेल. बाकीचं पत्र साध्या मराठीत आहे आणि उघडं आहे, कारण जे म्हणायचं आहे ते एकट्या श्रीपूरचं नाही. नातेपुते, माढा, वैराग, माळशिरस इथल्या लोकांनीही ते वाचावं आणि पटलं तर आपापल्या नावानं तुमच्याकडे पाठवावं.

श्रीपूर तुम्हाला कारखान्यामुळे माहीत आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या साखर कारखान्याभोवती ही वस्ती वाढली. आज ‘श्रीपूर’ म्हटलं की पंचक्रोशीत पांडुरंग सहकारी साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. शेजारी यमाईचं महाळुंग. अकलूजहून माळीनगरचं उभं रिंगण करून तुकोबांची पालखी बोरगावच्या मुक्कामाला याच वाटेनं जाते. महाळुंग आणि श्रीपूर मिळून नगरपंचायत झाली आणि तिची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाली. आम्ही गरीब आहोत असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. उसाच्या पट्ट्यातल्या माणसानं ते सांगितलं तर सांगोल्याची माणसं हसतील. म्हणणं वेगळंच आहे. आमच्यासारख्या गावांसाठी योजना आहेत, लेखाशीर्षं आहेत, निधीही आहे. तो निधी मागायचा कसा, मिळाला तर सांभाळायचा कसा आणि हिशोब द्यायचा कसा, हे करायला माणूस नाही.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की पाटी बदलते, हे सगळ्यांना दिसतं. दारं बदलतात, हे उशिरा कळतं. जलजीवन मिशन ग्रामीण भागासाठी आहे, त्याचं दार बंद होतं. घरकुलाची ग्रामीण योजना जाऊन शहरी योजना येते, तिचे निकष निराळे. जिल्हा परिषदेकडे जाणाऱ्या वाटा संपतात आणि नगरविकास विभागाच्या वाटा सुरू होतात : नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, स्वच्छ भारतचा शहरी भाग, १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेली अमृत २.० योजना. या अमृतमध्ये एक लाखाखालच्या गावांना पाणीपुरवठ्यासाठी केंद्राचा वाटा निम्मा आणि हप्ते २०, ४० आणि ४० टक्क्यांचे. पहिल्या हप्त्याचं काम आणि कागद दाखवल्याशिवाय दुसरा नाही. मार्च २०२६ पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता : अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. शिवाय मागच्या वर्षाचे हिशेब आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब लोकांना पाहता येतील असे ऑनलाइन टाकायचे होते. अट चांगली होती. मला विचाराल तर ती याहून कडक असायला हवी होती. प्रश्न एवढाच, की ज्या कार्यालयाचा कर्मचारी आकृतिबंधच अजून पुरा भरलेला नाही, तिथं हे करणार कोण?

एका साध्या पाणीयोजनेची फाइल कशी चालते, ते तुम्हाला माहीत आहे. वाचकांना माहीत नाही, म्हणून लिहितो. आधी सभेचा ठराव. मग सर्वेक्षण, चालू दरसूचीनुसार अंदाजपत्रक, सविस्तर प्रकल्प अहवाल. पाण्याची योजना असेल तर तांत्रिक मान्यता महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची. टाकीची जागा कुणाची, सातबारा कुणाच्या नावे, जलवाहिनी कालव्याखालून जाणार असेल तर जलसंपदाचं ना-हरकत, रस्ता फोडायचा तर सार्वजनिक बांधकामचं. हे झालं की प्रशासकीय मान्यता. त्यानंतर निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, त्रयस्थ तपासणी, देयक आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. ते गेलं नाही तर पुढचा हप्ता नाही. पुढचा हप्ता नाही तर ठेकेदार थांबणार. ठेकेदार थांबला की खणलेला रस्ता तसाच आणि शिव्या नगरसेवकाला. या साखळीत कुठंही कुणी वाईट माणूस असावाच लागत नाही. एक ना-हरकत तीन महिने एका टेबलावर राहिली, तेवढं पुरतं. दरम्यान दरसूची बदलते आणि अंदाजपत्रक पुन्हा पहिल्यापासून.

मोठ्या नगरपालिकेत या प्रत्येक पायरीसाठी एक विभाग असतो. नव्या नगरपंचायतीत एखादा अभियंता असतो. तोच सकाळी पाणी सोडण्याची तक्रार ऐकतो, दुपारी गटाराचं मोजमाप घेतो आणि रात्री अहवाल लिहितो. मुख्याधिकाऱ्यांकडे शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभार असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. म्हणून अहवाल बाहेरचा सल्लागार लिहितो. सल्लागारांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांच्या फीच्या पद्धतीबद्दल आहे. ज्याची फी अंदाजपत्रकाच्या टक्क्यांत ठरते, तो अंदाजपत्रक लहान का करील? म्हणून चार लहान बंधाऱ्यांऐवजी एक मोठी टाकी सुचते आणि जुन्या जलवाहिनीच्या दुरुस्तीऐवजी नवी जलवाहिनी. एका गावासाठी केलेला अहवाल दुसऱ्या गावाला चिकटतो, तेव्हा लोकसंख्येच्या तक्त्यात भलत्याच गावाचं नाव राहून गेलेलं दिसतं. हसू येतं, पण ते काम त्याच अहवालावर उभं राहतं.

आता थोडं लांब जाऊ. मागास भागाच्या विकासाचा निधी मागणं आणि सांभाळणं हे शास्त्र ज्यांनी सर्वांत तपशिलात बसवलं, ते युरोपवाले आहेत. युरोपीय प्रादेशिक विकास निधी १९७५ साली सुरू झाला. १९८८ साली त्यांनी सगळी घडी नव्यानं बसवली : निधी एका वर्षाचा नाही तर अनेक वर्षांच्या कार्यक्रमाचा, निर्णयात स्थानिक संस्था आणि समाजघटक सहभागी, आणि बाहेरून आलेला पैसा घरचा पैसा वाचवण्यासाठी वापरायचा नाही. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी प्रदेशांमधली दरी कमी करण्याच्या धोरणाला त्यांनी सुमारे ३९२ अब्ज युरो ठेवले. त्यात सर्वांत मोठा भाग या निधीचा. ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली, तिथल्या कामाला ८५ टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते.

ते श्रीमंत आहेत, त्यांचं आम्हाला काय, असं कुणी म्हणेल. पण अडचणी बघा, आपल्याच आहेत. २००७ साली रोमानिया युरोपीय संघात आला. वाट्याला भरपूर निधी आला आणि पहिली काही वर्षं तो खर्चच होईना. प्रस्ताव कच्चे, निविदा अडकलेल्या, कागद अपुरे. ही धास्ती युरोपला आधीपासून होती. म्हणून २००६ पासूनच युरोपीय आयोग आणि युरोपीय गुंतवणूक बँकेनं ‘जास्पर्स’ नावाची व्यवस्था सुरू केली होती : अभियंते, अर्थतज्ज्ञ, पर्यावरणाचे जाणकार यांचं पथक, जे नव्या सदस्य देशांना मोठे प्रकल्प कागदावर नीट उभे करायला मदत करतं आणि त्यासाठी फी घेत नाही. लहान गावांसाठी तर व्यवस्था याहून जुनी आहे. १९९१ पासून ‘लीडर’ योजनेत गावांचे स्थानिक कृती गट तयार झाले. गटाला मिळणाऱ्या सार्वजनिक पैशापैकी २५ टक्क्यांपर्यंत रक्कम गट चालवण्यासाठी आणि लोकांना योजनेपर्यंत आणण्यासाठी वापरता येते. म्हणजे रस्ता बांधायला पैसे देताना रस्त्याचा कागद लिहिणाऱ्या माणसाचा पगार त्यांनी त्याच पैशात धरला. आपल्याकडे तो पगार कुठल्याच लेखाशीर्षात बसत नाही, म्हणून तो माणूसच नाही.

वेळापत्रकाचा मुद्दाही सांगतो. तिथं कुठल्या कामासाठी कधी अर्ज मागवणार, याचं वेळापत्रक आधीच जाहीर करावं लागतं आणि वर्षातून किमान तीनदा ते ताजं करावं लागतं. एका वर्षासाठी ठरलेला पैसा त्यानंतरच्या तीन वर्षांत खर्च करून दाखवायचा. दाखवला नाही तर गेला. शिस्त कडक आहे, पण श्वास घ्यायला जागा आहे. आपल्याकडची शिस्त एका तारखेची : ३१ मार्च. डिसेंबरात मान्यता, फेब्रुवारीत निधी बीडीएस या शासकीय वितरण प्रणालीवर, मार्चएंडला धावाधाव आणि उरलेला निधी समर्पित. मार्चमध्ये कोणतं काम लवकर होतं? पेव्हिंग ब्लॉकचं. हायमास्ट दिव्याचं. ज्याला ना जागा लागते, ना ना-हरकत. गेल्या काही वर्षांत कुठल्याही लहान गावाचा चौक पाहा, मार्च महिना दगडात कोरलेला दिसेल. मलनिस्सारणाची योजना मार्चमध्ये होत नाही, म्हणून ती होतच नाही.

पैसे देण्याचंही तसंच. लाभार्थीनं मागणी केल्यापासून ८० दिवसांच्या आत रक्कम द्यायची, असा त्यांचा नियम आहे. आपल्याकडे २०२५ साली राज्यभरातल्या कंत्राटदारांना थकीत देयकांसाठी रस्त्यावर उतरावं लागलं. देयक कधी मिळेल याची खात्री नसलेला ठेकेदार निविदेतच ती जोखीम धरतो, आणि आपण त्याला दर चढा म्हणतो.

आणि एक नियम मला सर्वांत आवडतो. युरोपच्या या निधीतून उभी केलेली पायाभूत सुविधा पाच वर्षं चालू आणि मूळ कामासाठीच वापरात राहिली पाहिजे. मध्येच बंद पडली किंवा वापर बदलला तर पैसे वसूल. हा नियम जिल्ह्यात लावला तर किती आरओ प्लांट, किती व्यायामशाळा आणि किती सार्वजनिक शौचालयं वसुलीच्या यादीत जातील, ते तुम्ही आणि मी दोघंही जाणतो. आकडा मी लिहीत नाही. तो तुमच्याकडे आहे.

युरोपात सगळं आलबेल आहे, असा गैरसमज नको. २०१४ साली त्यांच्याच लेखापरीक्षण न्यायालयानं पाच देशांतले युरोपीय पैशातून बांधलेले २० विमानतळ तपासले आणि खर्चाच्या मानानं मोल मिळालं नाही, असा स्पष्ट शेरा मारला. गरज नसलेल्या ठिकाणी मोठं बांधकाम करण्याची हौस केवळ आपली नाही. फरक इतकाच की तो अहवाल कुणीही उघडून वाचू शकतो. तिथं निधीतून मदत मिळालेल्या कामांची यादी, लाभार्थीच्या नावासह आणि रकमेसह, दर चार महिन्यांनी अद्ययावत करून प्रसिद्ध करावी लागते. आपल्याकडे कामावर फलक असतो खरा. त्यावर सौजन्य कुणाचं, हस्ते कुणाच्या, उपस्थिती कुणाची, हे वाचता येतं. रकमेच्या आकड्यापर्यंत येता येता रंगारी दमलेला असतो.

प्रदेश मोजण्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. पोलंडमध्ये वॉर्सा राजधानी आणि तिच्याभोवतीचा ग्रामीण मुलूख एकाच प्रदेशात मोजले जात. राजधानीच्या श्रीमंतीमुळे सरासरी वर जाई आणि खेड्यांची मदत कमी होण्याची वेळ येई. २०१८ पासून त्यांनी मोजणीसाठी तो प्रदेश दोन भागांत केला. आपल्याकडे वि. म. दांडेकरांच्या समितीनं १९८४ साली राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा काढला, नंतर १९९४ साली तीन वैधानिक विकास मंडळं आली. त्यांत सोलापूर ‘उर्वरित महाराष्ट्रात’, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पंक्तीला. करमाळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला आपण त्या पंक्तीत बसलो होतो, हे ऐकून काय वाटत असेल? एप्रिल २०२० मध्ये मंडळांची मुदत संपली, म्हणून तो वाद आज उकरत नाही. पण जिल्ह्याच्या आतही तेच चालतं. तालुक्याची सरासरी चांगली दिसली की तालुक्यातली लहान नगरपंचायत त्या सरासरीत झाकली जाते.

आता मुद्द्याची मागणी.

समितीनं जिल्हा नियोजन कार्यालयात एक लहान कक्ष उभा करावा. त्याचं काम जिल्ह्यातल्या लहान नगरपंचायतींसाठी प्रस्ताव लिहिणं आणि उपयोगिता प्रमाणपत्र जाईपर्यंत फाइलच्या मागे राहणं. एक पाणी व मलनिस्सारण जाणणारा अभियंता, एक लेखा जाणणारा, एक जमीन आणि परवानग्यांची भाषा कळणारा महसुलातला माणूस. जीवन प्राधिकरणातून आणि बांधकाम खात्यातून निवृत्त झालेली जाणती माणसं याच जिल्ह्यात आहेत. त्यांचा पगार टक्क्यांत नको, दरमहा ठरलेला हवा, म्हणजे लहान आणि बरोबर अंदाजपत्रक लिहायला त्यांचा हात अडखळणार नाही.

सर्वेक्षणाला तरुण हात लागतील. २०१६ पासून राज्यात उन्नत महाराष्ट्र अभियान आहे. आयआयटी मुंबईच्या मार्गदर्शनाखाली अभियांत्रिकी महाविद्यालयांनी स्थानिक प्रश्नांवर जिल्हा प्रशासनाबरोबर काम करावं, हाच त्याचा हेतू. सोलापूरचं वालचंद तंत्रज्ञान महाविद्यालय आहे, पंढरपूरजवळ गोपाळपूरचं स्वेरी आहे. गावातल्या जलवाहिन्यांचा नकाशा, गळती कुठे, उतार कुठे, ऊस वाहतुकीनं कुठला रस्ता दरवर्षी बसतो, आषाढीच्या आठवड्यात पालखीच्या वाटेवर पाणी आणि शौचालयं किती कमी पडतात, हे तिथल्या मुलांना एका सत्रात मोजता येईल. अशी मोजणी हातात असली की सल्लागाराकडून तेरा गावांचा एकच अहवाल घ्यावा लागत नाही.

पैसे कुठून, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनेसाठी आणि मूल्यमापन-सनियंत्रणासाठी निधी राखून ठेवला जातोच. नियमात कुठे बसतं ते नियोजन अधिकारी सांगतील. नसेल बसत तर शासनाकडे तसा प्रस्ताव पाठवा. हो, प्रस्ताव लिहिणाऱ्या कक्षासाठीसुद्धा आधी एक प्रस्तावच लिहावा लागेल. तो तेवढा तुम्ही लिहा.

कुणी म्हणेल, जिल्हाधिकारी कार्यालयात नगरपालिका शाखा आहे, मग हे कशाला? ती शाखा तपासते, माहिती मागवते, बैठका घेते. तिचं काम तिनं करावं. तपासणाऱ्यानंच लिहायचं म्हटलं तर चूक कुणाची ते कधीच कळणार नाही, म्हणून कक्ष निराळा हवा. कुणी म्हणेल, याने नगरपंचायतीची स्वायत्तता जाईल. उलट आहे. काय करायचं हे सभागृहातले सतरा नगरसेवक ठरवतील. कक्ष फक्त त्यांचा निर्णय शासनाच्या टेबलावर टिकेल असा लिहून देईल. आज मात्र बाहेरून आलेला अहवाल हेच सभागृहाचं मत ठरतं.

त्यासोबत दोन किरकोळ गोष्टी, त्यांना फारसा खर्च नाही. पुढच्या वर्षी कोणत्या योजनेचे प्रस्ताव कोणत्या महिन्यात घेणार, याचं वेळापत्रक एप्रिलमध्येच जाहीर करा. आणि मान्य कामांची यादी, रक्कम, टप्पा आणि थांबलं असेल तर कुठल्या टेबलावर थांबलं, हे दर चार महिन्यांनी सगळ्यांना पाहता येईल असं ठेवा. जिल्हा वार्षिक योजनेच्या आयपास या संगणक प्रणालीत यातलं बरंचसं भरलेलं असतंच. फक्त दार लोकांसाठी उघडायचं आहे.

ही समिती ७४ व्या घटनादुरुस्तीनं आली आणि १९९८ च्या राज्याच्या कायद्यानं तिला रूप मिळालं. तिच्या चार-पंचमांश जागा जिल्हा परिषद आणि नगर संस्थांमधल्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपापसांतून निवडायच्या असतात. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं तिथं प्रशासक होता. त्या काळात या टेबलाभोवती कुणाच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, हे सांगायला नको. लहान गावांच्या खुर्च्या सगळ्यात आधी रिकाम्या होतात आणि सगळ्यात शेवटी भरतात. म्हणून लहान गावाचा मुद्दा बैठकीत कुणाच्या तरी भिडेनं नव्हे, तर लिहून ठेवलेल्या निकषानं यावा, अशी अपेक्षा आहे.

सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा काळ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. नव्या आयोगाच्या अटी, नवे तक्ते, नवे नमुने येतील आणि त्या पहिल्या वर्षात कोण नीट भरतो, यावर पुढची चार वर्षं बरीचशी ठरतील. मोठ्या नगरपालिकांनी तयारी केलीच असेल. आमच्याकडच्या अभियंत्याला तेवढा वेळ मिळेल का, ते त्यालाच विचारा. दुपारनंतर विचारा, सकाळी तो पाणी सोडायला गेलेला असतो.

समितीच्या येत्या बैठकीच्या कार्यसूचीवर हा विषय घ्यावा आणि काय ठरलं ते इतिवृत्तात छापावं, एवढीच विनंती.

कळावे,

आपला,
महाळुंग-श्रीपूर नगरपंचायत हद्दीतील एक करदाता

प्रत माहितीसाठी : नगराध्यक्ष व मुख्याधिकारी, महाळुंग-श्रीपूर नगरपंचायत, जिल्हा नियोजन अधिकारी, सोलापूर, आणि जिल्ह्यातल्या सर्व लहान नगरपंचायतींचे नगरसेवक.